बाहेर आलेली खळ

खळ लावलेले दोन कागद तोंडाला तोंड लावून ठेवायचे, वरून तळहात फिरवायचा आणि एका कोपऱ्याला धरून वरचा कागद हलके हलके उचलायचा. तेव्हा एक ओला, लांबट आवाज येतो. फाटण्याचा नव्हे. चिकटलेलं काहीतरी मनाविरुद्ध, पण भांडण न करता सुटं होतं, तसा. त्या आवाजासाठीच मी कागद रंगवते असं म्हटलं तरी चालेल.

कागद उलटून पाहावा तर त्यावर शिरा उमटलेल्या असतात. कडेनं हवा आत शिरते, दाट खळ तिला वाट देत मागे सरते, आणि सरता सरता तिला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे. निळीत कालवलेली खळ असली की तळातल्या शेवाळाची आठवण व्हावी. दोन्ही कागदांवर एकच नक्षी, एकीची डावी बाजू दुसरीची उजवी. ती कुणी काढलेली नसते. ताटातुटीतच ती घडते.

आमच्या घरी खळ म्हणजे बाबांचा बाइंडिंगचा धंदा. स्टोव्हवर पातेलं, गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवलेला मैदा, आणि न थांबता फिरणारी लाकडी काठी. आधी कच्च्या पिठाचा वास, मग हळूहळू त्याला येणारा शिजल्याचा गोडसर दरवळ. पांढरं पाणी दाटत दाटत काचेसारखं होई तेव्हा बाबा स्टोव्ह बंद करत. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ते निळे खडे विषारी, म्हणून आम्ही लांबूनच बघायचो. किती सुंदर निळा तो!

बाबांच्या हातात खळ कायम लपलेली असे. फर्मे शिवून झाले की कण्यावर, मग पुठ्ठ्यावर, कापडाखाली, अस्तराच्या कागदामागे. तिचा एक थेंब बाहेर दिसला तर ओल्या फडक्यानं ते लगेच टिपून घेत. सारं पुस्तक तिनं धरून ठेवायचं, आणि तिनंच कुठे दिसायचं नाही. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. घरातल्या कितीतरी बायका तशाच होत्या.

म्हणूनच एका ग्रंथालयात जुन्या जर्मन पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर प्रथम खळीचा कागद पाहिला, तेव्हा मी कितीतरी वेळ पान उघडलंच नाही. विटकरी रंगाच्या खळीत कुणीतरी बोटं टेकवून ओळीनं पाकळ्या उमटवल्या होत्या. खळ बाहेर आली होती. अगदी पुस्तकाच्या तोंडावर.

पुढे वाचत गेले. सॅक्सनीत हेर्नहूट नावाचं गाव आहे, १७२२ साली मोरावियातून धर्मासाठी घर सोडून आलेल्या लोकांनी वसवलेलं. तिथल्या अविवाहित भगिनी एकत्र राहत, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी केलेले खळीचे कागद बांधणीवाल्यांमध्ये नावाजले गेले. रोझमंड लोरिंग या अमेरिकन बाईंनी, ज्या स्वतः असे कागद करत, १९४२ साली पुस्तकांच्या नक्षीदार कागदांवर एक ग्रंथच लिहिला. त्यांचा कागदांचा संग्रह हार्वर्डमध्ये जपलेला आहे. पण माझं मन त्या भगिनींपाशीच घोटाळतं. त्यांच्या कागदांवर सही नाही. बोटांची ठेवण मात्र आहे. कुठे पाकळी जरा जड, कुठे रांगेच्या शेवटी हात दमलेला. ठशांच्या रेखीव नक्षीपेक्षा मला ही दमलेली पाकळी फार प्रिय आहे.

आता खळ मी शिजवते. कागद आधी स्पंजानं ओला करायचा, म्हणजे तो फुगायचा तेवढा फुगून घेतो. मग रंगीत खळ रुंद कुंचल्यानं आडवी-उभी पसरायची. ती वाळायच्या आत जे करायचं ते करायचं. पुठ्ठ्याला दाते पाडून केलेली फणी ओढली की रंग बाजूला सरतो आणि खालचा कागद रेघारेघांनी वर येतो; मन बदललं तर कुंचला फिरवून सारं पुसावं, पुन्हा ओढावं. ही खळीची मोठीच माया. मग मात्र ती वाळते, कागद कडांना वळतो, वजनाखाली जातो, आणि मेणाचा हात फिरला की दिलेलं वळण कायमचं होतं.

बाबांची एक जुनी हिशेबाची वही परवा नव्यानं बांधली. पुढच्या पुठ्ठ्याला एक कागद, मागच्याला त्याचा जोडीदार. एकमेकांपासून सुटे झालेले ते दोघे, मध्ये बाबांचं बारीक अक्षर. त्यांनी ही वही हातात घेतली असती तर नक्षीकडे नंतर पाहिलं असतं. आधी पुठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला असता, आणि विचारलं असतं, खळ गाळून घेतलीस ना?

घेतली बाबा. मलमलीतून.