पाणी उतरलं की दिसणारं देऊळ

मैत्रिणींनो, पुण्याहून सोलापूरला निघालात की भिगवणच्या पुढे पळसदेव लागते. हे गाव नवे. जुने पळसदेव उजनी धरणाच्या पाण्यात गेले. धरण १९८० साली पूर्ण झाले, तेव्हापासून तिथले पळसनाथाचे प्राचीन देऊळ एरवी पाण्याखालीच असते. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र ते सबंध उघडे पडले आणि बघणाऱ्यांची रीघ लागली. कोरीव दगडी खांब, वर विटांचे शिखर, भोवती वीरगळ. इतकी वर्षे पाण्यात राहूनही सारे उभे!

पण हे दर्शन काही शुभशकुन नव्हे, बरं का! त्या जूनमध्ये उजनीचा साठा ‘उणे ६० टक्क्यां’च्या आसपास गेला होता. तुम्ही म्हणाल, पाणी उणे कसे असेल? आपले तोटीचे पिंप आठवा. तोटीच्या खालचे पाणी आपसूक येत नाही, पिंप कलते करावे लागते. धरणातल्या तळच्या पाण्याला मृतसाठा म्हणतात. उजनीत एकूण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावते. त्यातले ६४ च्या आसपास हे ठेवणीतले. उणे ६० म्हणजे त्या ठेवणीतलेही निम्मे संपले!

पातळी उतरली की पाणी पंपापर्यंत पोचत नाही. मग सोलापूरसाठी दुबार, तिबार पंपिंग. म्हणजे आधी पाणी उचलून विहिरीत टाकायचे, मग तिथून शहराकडे ढकलायचे. शिवाय भीमेच्या पात्रातून, पंढरपूरवरून, थेट औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडायचे. वाट दोनशे किलोमीटरहून लांब! तापलेली वाळू आपला वाटा आधी घेते, ऊन घेते, काठचे पंप घेतात. घागरभर मिळवायला रांजणभर ओतावे लागते. एवढे करून सोलापूरच्या घरांत नळ यायचा तो काही दिवसांआडच. मधल्या दिवसांची बेगमी बायकांनी करायची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरले. त्यासाठी उजनीवर पाऊस पडायलाच हवा असे नाही. सह्याद्रीत धो धो कोसळला की पुण्याकडची धरणे भरतात आणि जादा पाणी भीमेतून खाली येते. पुण्यात नळ जपून सोडला, तर त्याची पुण्याई खालच्या गावांनाही लागते ती अशी.

देऊळ पुन्हा उघडे पडले तर जरूर बघून या. पण एक खूणगाठ बांधा. शिखर दिसू लागले, की धुण्या-विसळण्याचे पाणी झाडांना घालायला लागावे. पायऱ्या दिसल्यावर काटकसर सुचली, तर उशीर झालेला असतो!