बडनेरा जंक्शनवरून वाचावीत अशी चार इंग्रजी बालपुस्तके

१/ भुसावळहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा या वाटेने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाची आवक थांबली आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. बडनेऱ्याहून अमरावतीला जाणारा छोटा फाटा आजही त्या कापूसकाळाची आठवण देतो. गाठी बाहेर गेल्या आणि राज्यकर्त्यांची भाषा आत आली.

२/ त्या भाषेतील बालपुस्तके आज गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आढळतात. मराठी माध्यमातील मूल मात्र त्या कपाटाकडे सहसा वळत नाही. ते कपाट त्याला परीक्षेचे वाटते, गोष्टींचे वाटत नाही. यात नुकसान इंग्रजीच्या गुणांपुरते राहत नाही. आपल्या मुलखाविषयी इतरांनी काय लिहून ठेवले, ते तपासण्याचा हक्क त्या मुलाच्या हातून सुटतो. म्हणून इतिहासाची ओढ असलेल्या वाचकासाठी ही चार पुस्तके.

३/ पहिले : ज्यूल व्हर्नचे ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’. मूळ फ्रेंच कादंबरी १८७२ मध्ये लिहिली गेली. फिलिआस फॉग मुंबईहून कलकत्त्याकडे निघतो. त्याची गाडी नाशिक, खानदेश, बऱ्हाणपूर ओलांडते. म्हणजे भुसावळला ती उत्तरेकडे वळते आणि बडनेऱ्याचा मार्ग उजवीकडे राहतो. नकाशा उघडून हे वळण शोधावे. पुस्तक तेथूनच आपले होते.

४/ पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. कथा १८७२ च्या ऑक्टोबरची आहे. प्रत्यक्षात जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता लोहमार्ग मार्च १८७० मध्येच पूर्ण झाला होता. व्हर्न भारतात कधी आला नव्हता. छापील मजकूर आणि घडलेली घटना यांत अंतर असू शकते, हा इतिहासाचा पहिला धडा येथे एका हत्तीच्या निमित्ताने मिळतो.

५/ दुसरे : रुडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ (१८९४). मोगलीचे रान सिवनीचे आणि नदी वैनगंगा. हे पुस्तक मात्र लिहिले गेले अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा नदी पुढे याच वैनगंगेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. मोगलीची नदी वऱ्हाडच्या वाचकाला इतकी जवळची आहे.

६/ किपलिंगने मोगलीची आणखी एक कथा लिहिली आहे, ‘इन द रुख’ (१८९३). तिच्यात तरुण मोगली सरकारी वनखात्याच्या चाकरीत शिरतो. रानात वाढलेला मुलगा सरकारचा वनरक्षक होतो, आणि लेखकाला त्यात काही वावगे वाटत नाही. वास्तवात १८७८ च्या वन कायद्याने रानातील रहिवाशांच्या लाकूड, गवत, चराई यांवरील वहिवाटीला वेसण घातली होती. मेळघाटच्या कोरकूंना हा बदल कसा दिसला असेल, याविषयी कथा मौन पाळते. किपलिंगची भाषा मोहक आहे. ती चाखावी, आणि तिने काय वगळले तेही टिपून ठेवावे.

७/ तिसरे : आर. के. नारायण यांचे ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५). ऑगस्ट १९३० मध्ये मालगुडीत निषेधसभा भरते. लहानगा स्वामी आपली टोपी विदेशी समजून होळीत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या काचा फोडतो. त्याच वर्षी समुद्र नसलेल्या वऱ्हाडात दहीहांड्याच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार झाले, आणि जुलैमध्ये पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. गवत कापून मोडलेला तो कायदा मोगलीच्या सरकारचाच होता. मालगुडी काल्पनिक आहे, परंतु ते वर्ष खरे आहे. मोठ्यांच्या चळवळीत लहान मुलाला काय कळते आणि काय कळत नाही, हे नारायण अलगद दाखवतात. या चौघांत त्यांची इंग्रजी सर्वांत सोपी आहे. सुरुवात येथून करावी.

८/ चौथे : धनगोपाल मुखर्जी यांचे ‘गे-नेक’ (१९२७). कलकत्त्याचे एक कबूतर पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर निरोप पोहोचवते आणि भयाने आजारी होऊन परतते. त्याचे भारतीय नाव चित्रग्रीव. पंचतंत्राच्या वाचकाला ते परिचित असेल. १९२८ मध्ये या पुस्तकाला अमेरिकेचे न्यूबेरी पदक मिळाले. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. त्यांच्या मनावरील जखमेची गोष्ट येथे एक पक्षी सांगतो.

९/ ही पुस्तके शब्दकोश मांडीवर घेऊन ओळीओळीने वाचू नयेत. पहिले प्रकरण कोणी मोठ्याने वाचून दाखवावे. अडलेला शब्द पुढच्या वाक्यावरून बहुधा उलगडतो. प्रत्येक पुस्तकासाठी वहीत दोन रकाने आखावेत : लेखकाने काय म्हटले, आणि नकाशा किंवा तारीख काय सांगते. व्हर्नचा हत्ती आणि मोगलीची चाकरी त्या वहीत सहज बसतील.

१०/ महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ पासून कायदा आहे. पण कपाट कायद्याने उघडत नाही, मागणीने उघडते. हवे ते पुस्तक नसल्यास ग्रंथपालांकडे त्याचे नाव, लेखक आणि वर्ष लिहून द्यावे. पुढच्या खरेदीत एखाद्या मुलाच्या अक्षरातील ती चिठ्ठी उपयोगी पडते. चार नावे वर दिली आहेत. पाचवे वाचकांनी सुचवावे, मात्र त्याच्या पानांतून आपल्या मुलखाकडे येणारी वाटही सांगावी.