चौघांनी एकदम उठावं

मैलापूर, चेन्नई
4 डिसेंबर 2025

प्रिय ताई,


तुझं पत्र मिळालं. पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर बीजीएमआय खेळतो, सकाळी हलवलं तरी उठत नाही, सहामाहीचे मार्क घसरले, आणि दाजी म्हणतात आता फोनच काढून घेतो. त्याआधी माझं थोडं ऐकून घ्या, म्हणून लगेच लिहायला बसले.

इथे तमिळनाडूत ऑनलाइन खेळांच्या नादाची फार वर्षं चर्चा चालू आहे. ऑनलाइन रमी, पोकरमध्ये लोक कर्जात बुडाले, आत्महत्या झाल्या. 2022 मध्ये सरकारने न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली आणि पुढे विधेयक आणलं. राज्यपालांनी ते परत पाठवलं, विधानसभेने पुन्हा मंजूर केलं, तेव्हा कुठे एप्रिल 2023 मध्ये कायदा झाला. या वर्षी फेब्रुवारीत नियम आले. पैशांचे खेळ अठरा वर्षांखालच्यांना बंद, आणि मोठ्यांनाही रात्री बारा ते पहाटे पाच लॉगिन करता येणार नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, पण जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे नियम कायम ठेवले. ऑगस्टमध्ये तर संसदेनेच पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

मला त्यातली रात्रीची अट फार मोलाची वाटली. रात्री माणूस थकलेला असतो, आणि ‘पुरे आता’ म्हणणारं कुणी जागं नसतं.

पण आपल्या पोराचा खेळ पैसे लावून खेळायचा नाही, म्हणून तो या कायद्यांत बसत नाही. पब्जीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, वर्षभरात तोच खेळ बीजीएमआय म्हणून आला, 2022 मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. परतताना अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. पण खातं दाजींच्या नंबरवर उघडलेलं असेल, तर खेळाच्या लेखी खेळणारे दाजीच. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळाखालच्या मुलांना मध्यरात्रीनंतर खेळ बंद करणारा कायदा केला होता. दहा वर्षांनी तो रद्द करून निर्णय पुन्हा घरच्यांवर सोपवला. म्हणजे शेवटी गोष्ट घरातच येते.

आता तो खेळ कसा चालतो ते बघ. चौघांची टीम, म्हणजे स्क्वॉड. एक मॅच साधारण अर्ध्या तासाची, आणि ती मध्येच थांबवता येत नाही. एक जण उठला की उरलेले तिघं अडचणीत येतात, त्यांची रँक घसरते. सीझन संपला की रँक खाली येते आणि चढाई पुन्हा सुरू. इथे माडा स्ट्रीटच्या मागच्या गल्ल्यांत संध्याकाळी मुलं उभ्या केलेल्या मोटरसायकलींवर बसून फोन आडवा धरून हेच खेळतात. बोलणं तमिळ, पण मधले शब्द तुझ्या घरातलेच: लॉबी, पुश, रिव्हाइव्ह. कुणीतरी पडतो, दुसरा त्याला उठवायला धावतो. पोराला ओढ आहे ती या हाकेची. क्लास, शाळा, पुन्हा क्लास यात त्याला आपली गरज आहे असं दिवसभरात आणखी कोण म्हणतं?

म्हणून मॅच चालू असताना फोन हिसकावला, की त्याच्या मते तुम्ही त्याला मित्रांना दगा द्यायला लावलात. तो चिडतो ते त्यामुळे. एकट्याने उठणं त्याला जड जातं. चौघं एकदम उठले तर कुणाचंच काही जात नाही.

हे तुझ्याच सांगली जिल्ह्यात करून दाखवलंय. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद होतात. मला त्यातलं मर्म हे वाटतं, की बंद सगळ्यांचं होतं. एकाच मुलाला वेगळं काढलं जात नाही, आणि आई-बापांचेही फोन बाजूला जातात.

तेव्हा तू एक कर. स्क्वॉडमधली मुलं त्याच्या वर्गातलीच आहेत म्हणतेस. उरलेल्या तिघांच्या आयांना फोन कर. चौघींनी मिळून एकच वेळ ठरवा, साडेदहा म्हणा, आणि ती मुलांना विचारून ठरवा. घड्याळ बघून अर्ध्यावर तोडू नका, ‘दहाला शेवटची मॅच’ असं सांगा. मग घरातले सगळे फोन बैठकीत चार्जिंगला, दाजींचाही. संध्याकाळचा खेळ राहू दे. आधी त्याची झोप परत मिळवूया.

आणि उगाच घाबरू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला खरा, पण त्याच्या खुणा स्पष्ट आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी खेळ, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच, तेही साधारण वर्षभर. तुझा पोरगा अजून क्रिकेटला जातो, जेवायला येतो. पण तो सगळ्यांतून अंग काढून घेऊ लागला, जिवाचं काही बोलू लागला, तर एक दिवसही थांबू नकोस. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठीच 2014 पासून ‘शट’ क्लिनिक आहे. तिथे जायची वेळ आली तर मी इथून येईन.

दाजींना नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांनाही वाचायला दे. तिघींशी बोलणं झालं की कोणती वेळ ठरली ते कळव. त्या वेळेला मीही माझा फोन बंद करीन, आणि हे भाच्याला सांग.

तुझी,
धाकटी