सासूबाईंच्या हातातला रिमोट

केबल बंद करायची ठरली तेव्हा घरात आधी हिशेब झाला तो पैशांचा. २०१९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक ट्रायची नवी दररचना लागू झाली आणि बिलाचे सरळ दोन भाग पडले. नुसत्या जोडणीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्याच्यावर झी मराठी, स्टार प्रवाह, खेळांच्या वाहिन्या यांचे वेगळे. हवी ती वाहिनी घ्या, तिचेच पैसे भरा, हे तत्त्व मला मनापासून पटलं होतं. पण सुटी वाहिनी मागायला गेलं की समोरून पॅकेजचं नाव यायचं, आणि न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे आम्ही भरत राहिलो.

मुलगा म्हणाला, "आई, केबल हवीच कशाला? सगळं ॲपवर आहे." घरात फायबरचं इंटरनेट आलेलं होतं, टीव्ही स्मार्ट होता. केबलचा बॉक्स परत गेला.

नवऱ्याचं आणि मुलाचं त्यात काही अडलं नाही. अडलं सासूबाईंचं. केबलवर त्यांना वाहिन्यांचे आकडे तोंडपाठ होते. तीन बटणं दाबली की सह्याद्री, आणखी तीन दाबली की मालिका. आता टीव्ही लावला की पडद्यावर चित्रांच्या चौकटी, मग 'कोण पाहत आहे?' हा प्रश्न, मग कुठल्याशा वेबसीरिजची जाहिरात. मध्येच ॲप अद्ययावत व्हायला मागायचं, नाहीतर मुलाच्या मोबाइलवर ओटीपी जायचा आणि मुलगा कॉलेजात. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की दुपारी मी शाळेतून येईपर्यंत टीव्ही बंदच असतो. विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे गं, काही बिघडलं तर तुम्हालाच त्रास." जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून अक्षरं गिरवून घेतली, त्या बातम्या पाहायला नातवाची वाट बघत बसल्या होत्या. मला ते सहन झालं नाही.

डीडी फ्री डिशचा विचार तिथून सुरू झाला. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावानं आली. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, पुढे महिन्याचं काही नाही. शहरात तिच्याकडे गावाकडची, गरिबाची वस्तू म्हणून पाहतात. आमच्याही सोसायटीत एकदोघांनी भुवया उंचावल्या. गच्चीवरच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या अँटेनावर ज्यांच्यामुळे दूरदर्शन दिसायचं, ते ॲनालॉग ट्रान्समीटर आता जवळपास सगळे बंद झालेत. त्या अँटेनाची जागा घेणारं, कुणाची परवानगी न लागणारं प्रक्षेपण आज हेच आहे.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या दुकानातून सामान आणलं. दुकानदारानं विचारलं, "साधा बॉक्स देऊ की एमपीईजी-४?" फरक महत्त्वाचा आहे, कारण साध्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत. छत्री बसवणारा मुलगा गच्चीवर आला आणि त्यानं आग्नेयेकडे बोट केलं. जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणून साताऱ्यातून छत्रीचं तोंड तिकडे. अजिंक्यतारा आड येईल अशी मला धास्ती होती. पण उपग्रह क्षितिजापासून साठेक अंश उंच, किल्ला त्याच्या पुष्कळच खाली राहतो. आड आली ती शेजारच्या आंब्याची फांदी. ती तोडू द्यायला मी तयार नव्हते. त्यानं छत्री गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली, सिग्नल पकडणारा एलएनबी जरासा फिरवला, आणि पडद्यावरची सिग्नलची पट्टी भरली.

त्या संध्याकाळी सह्याद्रीच्या सातच्या बातम्या सासूबाईंनी स्वतः लावल्या. एका वहीत वाहिन्यांचे नवे आकडे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतले. या बॉक्सवर आकाशवाणीही लागते, हे तर त्यांनीच शोधून काढलं. सकाळी पडदा काळा आणि खोलीभर गाणी, असं आता आमच्याकडे असतं.

आणि क्रिकेट. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं, की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या आणि फ्री डिशच्या प्रक्षेपणापुरतंच; खासगी केबल-डीटीएचवर तेच डीडी लावलं तरी सामना दिसणार नाही. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना आम्ही या छत्रीवर पाहिला. शेवटच्या षटकात सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, आम्ही ओरडलो, आणि खालच्या मजल्यावरची आरोळी बऱ्याच उशिरानं आली. ते मोबाइलवर पाहत होते. इंटरनेटवरचं चित्र तुकड्यातुकड्यांनी साठून येतं, म्हणून मागे राहतं.

फ्री डिशवर सगळं मिळतं असं मात्र कुणी समजू नये. मोठ्या मराठी वाहिन्यांच्या मालिका तिथे नाहीत. खासगी वाहिन्यांना तिथल्या जागा लिलावात घ्याव्या लागतात, त्यामुळे त्या येतात आणि जातात. २०२२ च्या एप्रिलमध्ये चार बड्या समूहांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या एकदमच काढून घेतल्या होत्या. मालिकांसाठी आम्ही ॲप ठेवलं. रात्री जेवणं झाली की मुलगा आजीला भाग लावून देतो आणि स्वतःही शेजारी बसतो. ही मला ॲपची सर्वांत मोठी देणगी वाटते: मालिकेची वेळ आमच्या जेवणाच्या वेळेनुसार ठरते. बाकीची ॲप्स आम्ही पाळीपाळीनं घेतो, कारण सगळी एकदम घेतली तर केबलच्या बिलाइतकाच आकडा होतो. आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी घ्यायची नाही, हा माझा हट्ट.

पाऊस ही खरी परीक्षा. फ्री डिशच्या लहरी सुमारे ११ गिगाहर्ट्झच्या. त्या लहरी जोरदार सरीत पाण्याच्या थेंबांत विरतात. जुलैत साताऱ्यात आभाळ फाटलं की पडदा निळा पडतो. तेव्हा फायबर कामाला येतं, सह्याद्रीच्या बातम्या यूट्यूबवर लागतात. फायबर तुटलं की छत्री असते. वीजच गेली तर दोन्ही नाहीत. हे फायबर आम्हाला देतो तो आमचा जुना केबलवालाच. केबल सोडताना मला त्याचं वाईट वाटलं होतं. पावसात खांबावर चढून त्यानं कितीदा जोडणी नीट करून दिली आहे. आता तोच गल्लीत फायबर ओढतो.

एक गोष्ट मात्र मी आग्रहानं करून घेतली. टीव्ही चालू केला की ॲपचा पडदा येण्याऐवजी थेट फ्री डिशचा बॉक्स दिसेल अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती शोधायला मुलाला बसवलं. ॲपवर जायला आता एक बटण जास्त दाबावं लागतं, ते तरुण बोटांनी दाबावं. दुपारी घरी एकटं कोण असतं, हे पाहून टीव्हीची रचना व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

मेढ्याजवळच्या गावी माझ्या आईकडे हीच जोडणी दिवाळीत करायची आहे. तिकडे फायबर अजून आलेलं नाही आणि पाऊस आमच्याहून जास्त, म्हणून छत्री थोडी मोठी घेणार आहोत. बॉक्स एमपीईजी-४ चाच आणायचा, हे भावाला आत्ताच सांगून ठेवलंय.