मुक्काम कुठे, त्यावर दिवा

सायकलला दिवा घ्यायचा म्हटलं की लोक आधी ल्युमेन विचारतात. चारशे पुरतील का, की आठशेच घेऊ? माझा उलटा प्रश्न ठरलेला: रात्री झोपणार कुठे? समोरच्याला वाटतं, मी विषय टाळतोय. पण चार-आठ दिवसांच्या सफरीत दिव्याचा सगळा हिशेब मुक्कामावर येऊन थांबतो. रोज रात्री भिंतीतला प्लग हाताशी असेल तर एक उत्तर, बॅटरीचं, आणि रात्रभर चाक फिरतंच राहणार असेल तर दुसरं, डायनॅमोचं.

डायनॅमो म्हटल्यावर पन्नाशीपुढच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर जी बाटली येते, ती आधी बाजूला ठेवू. टायरला घासत घर्रर्र करणारी, पायडल जड करणारी. ६ व्होल्ट, ३ वॅट. त्यातले २.४ वॅट पुढच्या बल्बला, ०.६ मागच्याला. पुढचा बल्ब उडाला की सगळा करंट मागच्यावर यायचा आणि तोही जायचा, मग पुढच्या चौकात हवालदार उभाच. पावसात ओल्या टायरवर तिची चकती नुसती सटकायची, म्हणजे दिव्याची खरी गरज असलेल्या रात्रीच दिवा नाही. तिच्या नावाने लोक अजून नाक मुरडतात, ते काही उगाच नाही.

आताचा डायनॅमो पुढच्या चाकाच्या हबमध्येच असतो. कल्पना तशी जुनी. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने १९३०च्या दशकातच असे हब काढले होते. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या विल्फ्रीड श्मिट यांनी त्याला आजचं रूप दिलं. शिमानोही असे हब करते, आणि ते खिशाला पुष्कळ सोसतात. जर्मन हबच्या पैशात आपल्याकडे एक साधी सायकल येते. असा हब चाकात बांधण्याआधी हातात घेऊन त्याचा ॲक्सल चिमटीत धरून फिरवून बघावा. सरळ फिरत नाही. टक, टक, टक, जागोजागी अडतो आणि मग झटक्याने पुढे सरकतो. आतल्या चुंबकांची ती ओढ असते, पण नवा माणूस बेअरिंग गेलं म्हणून दुकानात परत घेऊन जातो. तोच हब आरे भरून, आउट काढून, टायर चढवून रस्त्यावर आणला की ते अडखळणं कुठच्या कुठे जातं. हँडलवर हात ठेवून शोधलं तरी सापडत नाही.

तरीही ओझं किती पडतं, हा प्रश्न येतोच. सामान लादून दिवसभर चालवणारा साधा सायकलस्वार साधारण शंभर वॅट ताकद लावत असतो. दिवा चालू असताना त्यातले पाच-सहा वॅट हब खातो, बंद असताना एखाद-दुसरा. वेगात धरलं तर सपाटीवर ताशी फार तर अर्धा किलोमीटर. डाव्या पॅनिअरमध्ये ‘असू दे’ म्हणून कोंबलेल्या जास्तीच्या जीन पँटचंही घाटात ओझं पडतंच, पण तिचा हिशेब कोणी विचारत नाही.

घाटातच डायनॅमोचा स्वभाव कळतो. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढताना वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर येतो आणि दिवा मलूल होतो, साधा असेल तर थरथरतोही. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. पण त्या वेगाला दिसायचं काय असतं? पुढचे पाच-सात मीटर, एवढंच. घाटमाथा ओलांडून उतार लागला की हवा तेवढा उजेड आपोआप समोर येतो, बटण चाचपडावं लागत नाही. थांबलो तरी दिव्यातला कपॅसिटर काही मिनिटं मिणमिणत ठेवतो, म्हणजे चेन पडली तर काळोखात हात काळे करायची वेळ येत नाही.

डायनॅमोच्या दिव्यांची मला वाटणारी मोठी गोष्ट मात्र वीज नाही, उजेडाचा आकार आहे. २०१३ पर्यंत जर्मनीत साध्या सायकलला डायनॅमो कायद्यानेच सक्तीचा होता, आणि दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये हा नियम तर आजही आहे. त्यामुळे या दिव्यांचा झोत वरून कापलेला असतो. सगळा उजेड रस्त्यावर, वर काही नाही. आपल्याकडे मिळणारे बहुतेक बॅटरीचे दिवे म्हणजे हँडलला बांधलेले टॉर्च. झाडं उजळतात, घुबड उजळतं, आणि समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याचे डोळे दिपतात. तो बिचारा अप्पर-डिप्पर करून सांगतो, पण आपल्याकडे डिप्परच नाही. बॅटरीचा दिवा घेताना ल्युमेनचा आकडा सोडा आणि झोत कापलेला आहे का, ते आधी विचारा. कापलेल्या झोताची एक खोड मात्र सांगून ठेवतो. रस्त्यावर झुकलेली फांदी त्यात दिसत नाही, आणि तीव्र वळणावर तो नाकासमोर दरीत बघतो. ताम्हिणी उतरताना म्हणून डोक्यावर एक छोटा बॅटरीचा दिवा हवाच. मान वळेल तिकडे तो बघतो.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. ५००० एमएएचचा सेल म्हणजे साधारण १८ वॅट-तास. चारशे ल्युमेनवर चारेक तास, दोनशेवर आठ-नऊ. खोक्यावरचा मोठा आकडा सगळ्यांत मंद मोडचा असतो, तो विसरून जावा. हिवाळ्यात कोकणकिनारा धरून निघालात, पहाटे थोडं आणि सांज झाल्यावर थोडं चालवलंत, तर एक चार्ज दोन दिवस सहज जातो. तरी तो रोज भरावा, कारण सागरी मार्गावर दिवस आपल्या हातात नसतो. बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी फेरी, पुढे दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड. एकीकडे तासभर खोळंबलात की दिवसाउजेडी गाठायचं गाव अंधारात गाठावं लागतं. मुक्कामी पोचलात की खोलीत प्लग एकच, त्यात डासांचं मशीन. पावसाळा असेल तर लाइट गेलेलीच. म्हणून ज्याचा सेल काढून बदलता येतो असाच दिवा घ्यावा, आणि दुसरा सेल भरलेला ठेवावा. दुपारी सायकल उन्हात उभी करून जेवायला बसताना दिवा काढून सोबत घ्या. लिथियमला तापणं सोसत नाही. लडाखकडे जाणाऱ्यांनी उलटं जपायचं. गोठवणाऱ्या थंडीत सेल चार्जिंगला लावू नये, रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं.

डायनॅमोवर मोबाइलही चार्ज होतो, याचं लोकांना भलतंच अप्रूप. होतो, पण वेग ताशी पंधराच्या वर राहिला तर. विसाच्या आसपास दोन-अडीच वॅट मिळतात, म्हणजे सपाटीचा अख्खा दिवस चालवून एक फोन जेमतेम भरतो. दिवा चालू असेल तर तेवढंही नाही, दोघांना एकदम पोसण्याची त्याची ताकद नाही. शिवाय प्रत्येक चढावर वीज तुटली की फोन रुसतो. म्हणून आधी पॉवर बँक भरायची आणि तिच्यावरून फोन. कोकणातल्या चढउतारांत तर यातून फारसं हाती लागत नाही. निव्वळ चार्जिंगसाठी कोणी डायनॅमो घेणार असेल तर मी त्याला परावृत्त करतो.

मग डायनॅमो घ्यावा कोणी? ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सफर, करणाऱ्यांनी, आणि तंबू घेऊन प्लगपासून लांब जाणाऱ्यांनी. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तास मिळतात. डिसेंबरातली तेरा तासांची रात्र, वर दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. हे दोन बॅटरीच्या दिव्यांवर निभतं, अनेकजण निभावतात. पण पहाटे तीनला, डोकं चालत नसताना, सेल किती उरला, मोड कमी करू का, ही टोचणी सुरू होते. त्या वेळी माणसाला झोप, भूक आणि रस्ता एवढंच सांभाळता येतं. दिव्याची चिंता त्यात नकोच. १८९१ साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला दर चार वर्षांनी आपल्याकडूनही मंडळी जातात. १२०० किलोमीटर, ९० तास. तिथे जायचं असेल तर मी बिनदिक्कत डायनॅमो सांगतो.

त्याचा कच्चा दुवा म्हणजे वायर. हबपासून फोर्कवरून दिव्यापर्यंत जाणारी ती बारीक दुपदरी तार चाक काढताना ओढली जाते, बसच्या टपावर सायकल आडवी टाकली की तुटते. फोर्कला घट्ट बांधा, पण हँडल वळायला थोडी ढील ठेवा, आणि दोन जास्तीचे कनेक्टर टूलकिटमध्ये टाका. हब घेण्याआधी फोर्कचा ॲक्सल कोणत्या मापाचा आहे तेही बघून घ्या. साधा क्विक रिलीज आणि थ्रू ॲक्सल यांचे हब वेगळे असतात, आणि ते लक्षात येईपर्यंत चाक बांधून झालेलं असतं.

रोज छपराखाली झोपणार असाल, तर कापलेल्या झोताचा, सेल बदलता येणारा बॅटरीचा दिवा घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर बसवा. आणि पुढे काहीही लावलंत तरी मागे दोन लाल दिवे हवेत, एकमेकांवर न विसंबणारे, दोन्ही बॅटरीचे. एक सीटपोस्टला, एक कॅरिअरला. हायवेवर गाडी मागून येते. सामान बांधून झालं की सायकलच्या मागे वीस पावलं जा, खाली वाका आणि पॅनिअरच्या कडेने किंवा लोंबणाऱ्या रेनकोटने त्यातला एक झाकला नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच निघा.