बांधावरची भिंत

जालना स्टेशनावर 'नवीन जालना' म्हटलं की रिक्षा कुंडलिकेचा पूल धरते. नाव नवीन असलं तरी वस्ती जुनी, मूळची कादराबाद. 1725 मध्ये निजाम-उल-मुल्कच्या हुकुमावरून जालन्यात किल्ला उठला. 'जालना सोने का पालना' ही म्हण इथं आजही अभिमानानं ऐकवतात.

मूर्तीवेशीपाशी उतरलो आणि दिसेल त्या गल्लीत शिरलो. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं सरावं लागतं, एवढीच रुंदी. ओट्यावर गहू निवडत बसलेल्या आजींना सराफ्याची वाट विचारली. सूप न थांबवता म्हणाल्या, "कुठूनबी जा बाबा, तिथंच निघतंय." खरंच निघालो. तेही तीनदा, तीन वेगळ्या बोळांतून.

पुढं शहर फुगत गेलं. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली, बियाण्यांचा धंदा वाढला, लोखंडी सळयांचे कारखाने आले. 1981 मध्ये जिल्हा झाला, 2023 मध्ये महापालिका. माणसं राहायला शेतांकडे सरकली.

दुपारी देऊळगाव राजा रस्त्याकडे गेलो. इथं जमीन गटागटानं विकली जाते, प्लॉटही तसेच पडतात. प्रत्येक ले-आउटचा रस्ता मुख्य रस्त्यावरून आत येतो आणि बांधापाशी संपतो. जिथं शेताचा बांध होता तिथं आता भिंत आहे. पलीकडच्या गटातला रस्ताही तिथंच येऊन थांबलेला.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी 2020 मध्ये जगभरातल्या रस्त्यांचा अभ्यास मांडला. त्यानुसार 1975 पासून अनेक देशांत नव्या वस्त्यांचे रस्ते एकमेकांपासून तुटत चाललेत. घर पाडून पुन्हा बांधता येतं, पण रस्त्याची एकदा पडलेली रेघ सहसा हलत नाही. म्हणून वाटतं, ले-आउट मंजूर करताना शेजारचा रस्ता कुठं थांबलाय एवढं तरी बघावंच. चार प्लॉटांवर घरं उभी राहिल्यावर ती वाट कोण मोकळी करणार?

एका भिंतीच्या वरच्या दोन विटा निघालेल्या होत्या, खाली पाय ठेवायला दगड, घासून गुळगुळीत झालेला. शाळा सुटली होती. आधी पलीकडून दप्तर आलं, मग पोरगं. मी मुख्य रस्त्यानं वळसा घालून त्याच भिंतीच्या पलीकडे पोचलो, सळयांचे ट्रक चुकवत. अठरा मिनिटं लागली. तिथंही तसाच दगड होता.