कालवा आणि कालवं

"तिथे मोठा कालवा आहे, आणि कालवंही!" दक्षिण फ्रान्सला जायचं ठरलं तेव्हा मी आईला सांगितलं. "मग एवढ्या लांब कशाला? माझ्या माहेरी चल की," ती म्हणाली. तरी आली!

आम्ही उतरलो मार्सेयाँ नावाच्या गावात. 'तो' नावाचं सुमारे २० किलोमीटर लांबीचं खारं सरोवर, त्याच्या काठावरचं हे छोटंसं जुनं बंदर. काळ्या दगडाची घरं (हा बसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच भाऊ), नांगरलेल्या होड्या आणि दुपारची शांतता. जवळच मिदी कालवा सरोवराला मिळतो. तुलूजहून २४० किलोमीटर येणारा हा कालवा १६८१ मध्ये सुरू झाला. तो बांधणारा रिके त्याआधी काही महिनेच, १६८० मध्ये गेला. हे ऐकून आई बराच वेळ तिथल्या दीपगृहापाशी बसून राहिली.

गावात वर्मूथ बनवतात. वाईन ओकच्या पिंपांत भरून वर्षभर उघड्या अंगणात ऊनवारा खायला ठेवायची. आई म्हणे, "म्हणजे लोणच्यासारखंच!"

संध्याकाळी काठावर कालवं खायला बसलो. लहानपणी आई ओहोटीला खडकांवर जाऊन कोयतीने कालवं काढायची. तिने पहिला प्रश्न विचारला, "इथे ओहोटी कधी?" कालवं देणारा माणूस हसला. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. म्हणून इथे एकेक कालव सिमेंटने दोरीला चिकटवतात आणि लोखंडी मांडवाखाली पाण्यात लोंबती सोडतात.

मग तो २०१८ च्या ऑगस्टबद्दल बोलला. उष्णतेची लाट आली, वारा पडला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, त्यात तळाशी कुजणार्‍या शेवाळाने उरलासुरलाही संपवला. पाणी दुधाळ झालं, दोर्‍यांवरची कालवं मेली. याला तिथल्या जुन्या भाषेत 'मालेग' म्हणतात, म्हणजे वाईट पाणी. सगळं सांगताना त्याचे हात मात्र कालवं उघडतच होते.

मला वाटलं होतं, हे संथ पाणी म्हणजेच गावाचं सगळं सौंदर्य. तेच पाणी फार स्थिर राहिलं तर गावाची चूल विझू शकते, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

आईने लिंबू पिळून एक कालव खाल्लं. कच्चं! "आमच्याकडे सुकं करतात," तिने मराठीतच त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली.

परतताना ती म्हणाली, "आपल्या खाडीत अजून मिळतात का गं? बघून यायला हवं." पंधरा वर्षांत तिने माहेराचं नाव काढलं नव्हतं. मामा, वाचतो आहेस ना? पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला आम्ही येतोय. कोयती शोधून ठेव :)